जांभळीपलीकडची मोटार

"हे तुम्हीच लिहिलंय काय?"

त्या माणसाने पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. आपटलं नाही, अगदी हळू ठेवलं. ते भिजून वाळलेलं होतं, फुगून दुप्पट जाड झालेलं, पानं एकमेकांना चिकटलेली. त्या वेळी मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की लोकांना पुस्तक कसं वापरावं एवढंही कळत नाही. याची मला अजून लाज वाटते.

मग मुखपृष्ठ ओळखलं. 'पलीकडे'. खाली माझं नाव, दिगंबर शेटे.

"हो," मी म्हणालो.

"माझ्या मुलीच्या सॅकमध्ये होतं."

"आवडलं का त्यांना?"

असं मी खरंच विचारलं. अनोळखी माणसाशी बोलताना मला नेहमीच चुकीचं वाक्य आधी सुचतं. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. पन्नाशीचा असेल, रुंद खांद्यांचा, डोक्याचे केस नुकतेच उतरवलेले. बोटांच्या पेरांत वंगण मुरलेलं होतं.

"गेली ती," तो म्हणाला. "तुमच्या त्या नदीत. काल तेरावा झाला, आज हिकडं आलो."

मी उठून उभा राहिलो. खुर्ची सरकवून त्यांच्यापुढे केली. ते बसले नाहीत.

"आनंदराव इंगवले. सांगलीला लेथचं वर्कशॉप आहे माझं. रेवती तिचं नाव. एकोणीस पुरी व्हायची होती. आता चला."

"कुठे?"

"कसं जायचं, कुठं वळायचं, कुठं पाण्यात उतरायचं, सगळं लिहिलंय न्हवं तुम्ही? तिनं पेन्सिलीनं खुणा केल्यात बघा. चला, दाखवा मला."

पुस्तकातल्या त्या मोटारीबद्दल इथेच सांगून टाकतो. जांभळी नदीच्या पलीकडे, जिथे गाव नाही आणि वाट नाही अशा रानात, एक ट्रक उभा होता. साठ सालाच्या सुमारास धरणाची पाहणी करणाऱ्यांनी लाकडी पूल टाकून तो पलीकडे नेला, मागे पत्र्याची खोली बसवली आणि तिच्यात दोन हंगाम मुक्काम केला. धरण झालं नाही. पूल पुरात गेला. ट्रक राहिला. अलीकडच्या वस्तीतले धनगर त्याला मोटार म्हणत आणि उन्हाळ्यात कधीमधी तिच्यात वासरं कोंडत. चौऱ्याऐंशी साली उन्मेष राजाध्यक्ष नावाचा बावीस वर्षांचा मुलगा इंजिनिअरिंगचं शिक्षण सोडून तिथे राहायला गेला. पावसात नदी भरली, धान्य संपलं, ताप आला. भाद्रपदात कधीतरी तो गेला. धनगरांना तो अश्विनात सापडला.

पुढच्या माघात मी तिथे गेलो. एकदाच. आल्यावर एका दिवाळी अंकात लेख लिहिला, लेखाचं चौसष्ट पानांचं पुस्तक झालं आणि दहा वर्षांत त्याच्या आठ आवृत्त्या निघाल्या. मुलं तिथे जाऊ लागली. आधी चार-दोन, मग टोळ्यांनी. मोटारीत उन्मेषची तसबीर लागली, उदबत्त्या लागल्या, दारावर खिळ्याने नावं कोरली गेली. "मोटारीला जाऊन आलास का?" असं पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत विचारलं जाई, असं मला कुणी कुणी पत्रातून कळवत. हल्ली ते पुस्तक छापत नाहीत. मी छापू देत नाही. झेरॉक्स प्रती फिरतात, असं ऐकतो.

आणखी एक सांगायला हवं. रेवतीच्या आधी त्या नदीत तीन मुलं गेली होती. मी ते वर्तमानपत्रात वाचलं होतं. दुसऱ्या बातमीत माझ्या पुस्तकाचा उल्लेख होता. ते कात्रण मी जपून ठेवलं होतं.

इंगवल्यांना मी नाही म्हणू शकलो असतो. वाचनालय उघडं होतं, दुसरं कुणी नव्हतं, निमित्तं पुष्कळ होती. मी शिपायाला किल्ल्या दिल्या आणि निघालो.

एसटीत आम्ही शेजारी बसलो. दीड तासात ते दोनदाच बोलले. पहिल्यांदा म्हणाले, "आत्महत्या न्हवं ही. पोलीस तसं विचारत होते." आणि घाट सुरू झाल्यावर: "पोहणारी पोर होती. कृष्णेत मी शिकवलीय. पुराच्या पाण्यात ह्या काठावरनं त्या काठावर जायची, लोक बघत उभं राहायचं. ती बुडलीच कशी, एवढंच मला बघायचंय. मग तुमचं काय करायचं ते ठरवतो."

शिरवलीला उतरून आम्ही चालायला लागलो. अश्विन अर्धा सरला होता, पण परतीचा पाऊस गेला नव्हता. आदल्या रात्री घाटमाथ्यावर पडून गेला असावा. वाट निसरडी होती आणि प्रत्येक ओहोळाला पाणी होतं. इंगवले पुढे चालत आणि वाट फुटली की थांबून माझ्याकडे बघत. मी हात दाखवला की पुन्हा चालू लागत. दोन फाट्यांवर मी चुकीचा हात दाखवला. माझ्याच पुस्तकातली वाट मला आठवत नव्हती. त्यांनी खिशातून पुस्तक काढलं, चिकटलेली पानं नखाने सोडवली, वाचलं आणि बरोबर वळले.

ढेबेवस्तीवर सहा घरं. कोंडिबा ढेबे अंगणात दोर वळत बसला होता. दहा वर्षांपूर्वी यानेच मला मोटारीपर्यंत नेलं होतं. आता केस पांढरे झाले होते, पण त्याने मला लगेच ओळखलं.

"वाचनालयाचं मास्तर न्हवं का? या. लई वरसांनी वाट चुकला."

मी इंगवल्यांची ओळख करून दिली. म्हणजे नुसतं नाव सांगितलं. कोंडिबाची बायको ठकूबाई दारात आली होती. तिने इंगवल्यांच्या डोक्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"त्या पोरीचं बाप व्हय तुम्ही?"

"होय."

"खाली वाहाळाच्या तोंडाशी गावली ती आमास्नी. पोलीस येस्तवर माझं लुगडं घातलं तिच्या अंगावर. नवं व्हतं. तशी न्हाई ठिवली तिला."

इंगवल्यांनी हात जोडले. ठकूबाईनेच विषय तोडला. ती चिडली होती, आणि तिचा राग नेमका कुणावर आहे हे तिलाही ठरवता येत नसावं.

"आज बी सा जणं गेल्यात खाली. आत्ता, भाकरीच्या वक्ताला. म्या म्हनलं, जाऊ नगा, रातच्याला वर पडलाय, पानी तांबडं हाय. तर हसत्यात. मावशी, तुझा फोटो काढू का म्हनत्यात! ह्यो बी बसलाय दोर वळत."

"मी काय करू?" कोंडिबा म्हणाला. "धा वरसं सांगतोय. पुस्तक काढून दावत्यात. लेखी हाय म्हनत्यात. लेखीपुढं माझं काय चालतंय?"

इंगवले तोवर उतरणीला लागले होते.

नदी दिसण्याआधी तिचा आवाज आला. मी तिला पाहिलं होतं ते माघात. घोट्याइतकं पाणी, खालची वाळू मोजावी इतकं निवळ. आता ती काठ भरून वाहत होती. पलीकडच्या रानात, वेलींच्या आडून, मोटारीच्या पत्र्याचा गंजका कोपरा दिसत होता. इकडच्या काठावर ते मोठं जांभळाचं झाड, आणि झाडाला चिंध्या. मी आलो होतो तेव्हा तिथे एकच चिंधी होती. आता शेकडो होत्या. रुमाल, फाडलेले शर्ट, ओढण्या, बुटांच्या नाड्या. मधूनमधून काळ्या घोंगडीच्या पट्ट्या. झाडाची साल दिसत नव्हती.

झाडाखाली सहा मुलं होती, चार मुलगे आणि दोन मुली, सगळी विशीची. सॅक उतरवून ठेवलेल्या, एक दोरखंड गुंडाळलेला. दाढी राखलेला एक उंच मुलगा फांदीला रुमाल बांधत होता, आणि एक मुलगी मोठ्याने वाचत होती:

"'नदी ओलांडणारा प्रत्येक माणूस या झाडाला एक चिंधी बांधतो. मागचं सारं इथे बांधून ठेवायचं, आणि मोकळ्या हातांनी समोरच्या पाण्यात पाऊल टाकायचं. भीती ही काठावरची गोष्ट आहे.'"

खरं तेच लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो. त्या क्षणी, तो बाप शेजारी उभा असताना, मला ते वाक्य चांगलं वाटलं. कुणी आपलं वाक्य मोठ्याने वाचताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

कोंडिबा मागून येऊन पोचला होता. "काय वाचती ती?" त्याने मला विचारलं.

मी त्याला सांगितलं.

"चिंधी बांधून म्होरं जायाचं? हे तुम्हास्नी कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. इथे चिंधी होती ना तेव्हा. मी पाहिली."

"मास्तर, माझी म्हस गेलती हितं. मोटारीतलं पोरगं गेलं त्याच पावसाळ्यात. तिच्यासाठी बांधल्याली ती." कोंडिबा मला लहान मुलाला सांगावं तसं सांगत होता. "पान्यानं जितराब जिथं वढून न्हेलं, तिथल्या झाडाला घोंगडीची चिंधी बांधायची. म्हंजी मागनं येनाऱ्यानं तिथं पाय घालायचा न्हाई. आमचं शेंबडं पोर बी जानतंय."

"पण आपण इथूनच गेलो होतो."

"कवा? आपन खाल्ल्या अंगानं उतरलो, त्या सपाट धोंड्यापासनं. तितं उतार हाय, पाय टेकत्यात. तुम्ही हितं झाडापाशी हुबं ऱ्हाऊन वहीत कायबाय लिवत व्हता. म्या हाका मारल्या तवा आला."

मला ते आठवलं. हाकाही आठवल्या. घरी येऊन लिहायला बसलो तेव्हा सपाट धोंड्यापेक्षा झाड चांगलं वाटलं, एवढंच झालं होतं.

इंगवले आमच्या अगदी जवळ उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "ही चिंधी कशाची, हे तुम्ही ह्यांना इचारलं न्हाई?"

"नाही."

"का?"

"संकोच वाटला," मी म्हणालो. "आणि मला वाटलं, मला माहीत आहे. अशा झाडांबद्दल मी वाचलं होतं."

माझ्या आयुष्यात मला अनेकांनी भित्रा म्हटलं आहे, बावळट म्हटलं आहे. इंगवले काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी कोंडिबाकडे वळून घोंगडीच्या पट्ट्यांकडे बोट केलं. "मग ह्या काळ्या?"

"त्या आमच्या. येकयेक पोर गेलं तशी बांधली. म्हशीची ती जुनी, वरची. ह्या तीन. आन ही..." तो थांबला. "ही तुमच्या लेकीची. माझ्या घोंगडीची हाय."

"आन बाकीच्या?"

"ह्या पोरांच्या. आमास्नी वाटायचं, ह्यांस्नी बी ठावं हाय, मेलेल्यांसाठी बांधत्यात आमच्यावानीच. मग चिंधी बांधून तितंच आत का शिरत्यात, ते कळंना. शहरातली मानसं, म्हनलं, आसंल कायतरी."

म्हणजे एक मूल बुडालं की वस्ती एक चिंधी बांधत होती, आणि पुढच्या मुलांना ते झाड आणखी थोडं पवित्र दिसत होतं. दहा वर्षं. वस्तीतल्या कुणाला वाचता येत नव्हतं आणि वाचता येणाऱ्यांपैकी कुणी वस्तीला विचारलं नव्हतं. पहिला मी.

इंगवले झाडाजवळ गेले. फार शोधावं लागलं नाही. एक निळी ओढणी होती, पांढऱ्या ठिपक्यांची. त्यांनी तिची गाठ सोडवली, घडी केली आणि सदऱ्याच्या आत ठेवली.

"ओ काका!" दाढीवाला मुलगा ओरडला. "काय करताय? लोकांच्या श्रद्धेच्या गोष्टी आहेत त्या."

मी पुढे झालो. सहा माणसांसमोर मी कधी बोललेलो नव्हतो. वाचनालयाच्या वार्षिक सभेतही अहवाल दुसऱ्याकडून वाचून घ्यायचो.

"इथून जाऊ नका," मी म्हणालो. "पुस्तकात चूक आहे. ही धोक्याची खूण आहे, इथे डोह आहे. परत जा. हे कोंडिबा, यांना विचारा."

"कोणी सांगितलं पुस्तकात चूक आहे?"

"मीच. मीच लिहिलंय ते."

मग वाचणाऱ्या मुलीने मुखपृष्ठ उलटून मागचा फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि किंचाळली, "अरे, शेटे सर! मंदार, हे शेटे सर आहेत!"

ती मुलगी खाली वाकून माझ्या पाया पडली. तिच्यामागून दुसरी. मी मागे सरकत होतो आणि ती मुलं पुढे येत होती. कुणीतरी पेन काढलं. मंदार, तो दाढीवाला, हात जोडून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

"सर, तुमच्या पुस्तकाने माझं आयुष्य बदललं. मी नोकरी सोडली."

"कशाला सोडलीस!" मी ओरडलो. "अरे, ऐका. चार मुलं मेलीत इथे. हे त्यातल्या एकीचे वडील आहेत."

मुलांनी इंगवल्यांकडे पाहिलं. ती गंभीर झाली. दुसऱ्या मुलीने हळूच म्हटलं, "रेवती का? आम्ही वाचलं पेपरात." आणि मग, सांत्वन करावं तशा सुरात, "काका, तिला हवं होतं तिथेच ती गेली. असं मरण सगळ्यांना येत नाही."

इंगवल्यांचा चेहरा मी पाहिला. मला वाटलं, ते तिला मारतील. ते म्हणाले, "बाळ, तुझं नाव काय?"

"ऋचा."

"ऋचा, ती तिसऱ्या दिवशी गावली. तिला बोटांची नखं नव्हती. दगडाला धरायला गेली होती ती. तिला मरायचं न्हवतं. तिला वर यायचं होतं."

ऋचा गप्प झाली. पण मंदार झाला नाही. काही माणसांना दुःख ऐकलं की आणखी उंच आवाजात बोलावंसं वाटतं. "सर, मी तुम्हाला समजू शकतो. तुम्हाला वाईट वाटतंय. पण उन्मेषलाही सगळे परत फिर म्हणाले असतील ना? तुम्हीच लिहिलंय, जो परत फिरतो तो..."

"ते मी घरी बसून लिहिलं!" माझा आवाज फाटला. "पंख्याखाली बसून! मी ओलांडली तिथे घोट्याइतकं पाणी होतं, गाढवा! मला पोहता येत नाही! उन्मेषला परत यायचं होतं. दारावर त्याने कोळशाने लिहिलं होतं, 'कोणी आलं तर हाक मारा, मी आत आहे, चालता येत नाही.' ते मी पुस्तकात घेतलं नाही. चांगलं दिसलं नसतं म्हणून घेतलं नाही!"

हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता झालं, आता ही फिरतील. मंदार माझ्याकडे अपार आदराने पाहत होता.

"किती प्रामाणिक आहात सर तुम्ही," तो म्हणाला. "म्हणून तर तुमचं लिहिणं पोचतं. कळलं मला. तुम्ही बघताय, आम्ही खरंच तयार आहोत का." त्याने बूट काढायला सुरुवात केली. "दोर नको रे. दोर लावून जायचं तर अर्थ काय?"

कोंडिबा त्याचा दंड धरायला गेला. त्याने तो सहज झटकला. दोन मुलगे त्याच्यामागे बूट सोडू लागले.

तीस वर्षं होत आली. त्या क्षणी मला नेमकं काय वाटलं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय आणि उत्तर दर वेळी थोडं वेगळं येतं, तेव्हा माझ्यावर फार विश्वास ठेवू नये. धैर्य नव्हतं, एवढं नक्की. इंगवल्यांना तोंड दाखवायची लाज होती, तीही थोडी. पण जास्त करून राग होता. त्या मुलाच्या भरून आलेल्या डोळ्यांचा राग, त्याच्या तोंडातल्या माझ्या वाक्यांचा राग. ती वाक्यं मला त्याच्या तोंडातून ओढून काढायची होती आणि ती निघत नव्हती.

"मी लिहिलंय ना?" मी म्हणालो. "मग आधी मी जातो. बघा."

आणि मी झाडासमोरून पाण्यात उतरलो. चपलांसकट.

पहिल्या पावलाला पाणी मांडीपर्यंत आलं. दुसऱ्या पावलाला जमीनच नव्हती. मला वाटलं होतं, नदी पुढे ढकलते. ती पुढे ढकलत नव्हती. ती खाली ओढत होती, खाली आणि एका बाजूला, जसं कुणी पाय धरून पलंगाखाली ओढावं. चष्मा गेला. डोकं दगडाला लागलं आणि वर उजेड असायला हवा तिथे हाताला दगडाचं छत लागलं. मी ते ओरबाडलं. विचार वगैरे काही आला नाही. एखादं वाक्यही आठवलं नाही. नुसतं तोंड उघडलं आणि पाणी आत आलं.

पुढचं मला नंतर कोंडिबाने सांगितलं. इंगवल्यांनी त्या मुलांचा दोर कमरेला बांधला, दुसरं टोक कोंडिबाच्या आणि मुलांच्या हातात फेकलं, म्हणाले, "मी दोनदा हिसका दिला की जीव लावून वढा," आणि माझ्यामागे बुडी घेतली. ते बराच वेळ वर आले नाहीत. मुलं रडू लागली होती. दोनदा हिसका बसला तेव्हा कोंडिबाने आणि सहाही मुलांनी ओढलं आणि ठकूबाईनेही ओढलं. ती विळा टाकून धावत आली होती.

मला शुद्ध आली तेव्हा मी पालथा होतो आणि कुणीतरी पाठीवर गुडघा रोवून माझ्यातलं पाणी काढत होतं. फार जोराने काढत होतं. दोन बरगड्या मोडल्या होत्या, हे पुढे तालुक्याच्या दवाखान्यात कळलं.

इंगवले बाजूला झाले. त्यांच्या खांद्याची कातडी सोलून निघाली होती. ते धापा टाकत होते आणि नदीकडे बघत होते, एखाद्या बिघडलेल्या यंत्राकडे बघावं तसे.

"कपार आहे खाली," ते म्हणाले. "पाणी वरनं तिच्यात शिरतंय आन पलीकडनं भाईर पडतंय. तोंड एवढं, आत एवढं." त्यांनी हातांनी माप दाखवलं. "पोहणाऱ्याला काय उपयोग? डोक्यावर दगडच असला तर. दोर नसता तर मी बी आलो नसतो वर." मग स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाले, "तिची चूक न्हवती. हात बरोबर मारले असणार तिनं."

आणि ते रडले. आवाज न करता, उभ्यानेच.

मुलं एका बाजूला घोळक्याने उभी होती. ऋचा उलटी करत होती. एक मुलगा फांदीवरचा रुमाल सोडवत होता, पण गाठ सुटत नव्हती. मंदार माझ्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसला. तो पांढराफटक पडला होता, पण डोळे तसेच होते.

"सर," तो कुजबुजला, "तुम्ही आमच्यासाठी... आम्ही हे सगळ्यांना सांगू सर. शेटे सर स्वतः या झाडाखालून..."

इंगवल्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. लेथवर काम करणाऱ्या माणसाच्या हाताची. मंदार बाजूला कोलमडला आणि गाल धरून बसून राहिला, आणि मग पहिल्यांदाच तो वयाइतका लहान दिसला.

"सांगशील," इंगवले म्हणाले. "काय सांगशील? म्हन, मास्तर चुकला. म्हन."

"सर चुकले," मंदार म्हणाला.

"कुठं चुकला?"

"इथून... इथून जायचं नाही."

"आणिक?"

"चिंधी म्हणजे इथे जायचं नाही."

"ऊठ. आता घरी जा. आईला सांग."

ठकूबाईने त्यांना वर नेलं. मुलं बूट हातात घेऊन अनवाणीच गेली. कुणी मागे वळून मोटारीकडे पाहिलं नाही. की पाहिलं, मला कसं दिसणार? मला चष्म्याशिवाय सगळं धुक्यासारखं दिसत होतं. कोंडिबा झाडापाशी गेला होता आणि घोंगडीच्या पट्ट्या ठेवून बाकीच्या एकेक चिंध्या कोयत्याने कापून पाण्यात टाकत होता.

मी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. इंगवल्यांनी हात दिला नाही.

"इंगवले," मी म्हणालो. श्वास घेताना छातीत कळ येत होती. "तुम्ही मला का काढलं?"

त्यांनी ओला सदरा पिळला. आतली निळी ओढणी बाहेर काढून पाहिली, पुन्हा आत ठेवली.

"तुम्हाला वाचवायला न्हाई," ते म्हणाले. "तुम्ही बुडाला असता तर ह्या पोरांनी हितं तुमचं बी देऊळ बांधलं असतं. म्हणून काढलं."